बेली ब्र्याग : माहिती उपलब्ध नाही

सकाळच्या वार्तांच्या कार्यक्रमात जगाचे सुखदुःख एका ठरलेल्या क्रमाने येत असे, आणि त्या क्रमाची येलिसावेताला इतकी सवय जडली होती की घड्याळाकडे न पाहताही चुलीवरचे दूध केव्हा उतू जाईल हे तिला त्यावरून कळे. आधी संसदेतला कलह, मग काळ्या समुद्रापलीकडचे युद्ध, मग सूर्यफुलाच्या तेलाचा भाव, तापाच्या साथीमुळे कोणकोणत्या शाळांना सुट्टी, मधमाश्या पाळणाऱ्यांचे गाऱ्हाणे, एखाद्या मंत्र्याची मुलाखत आणि त्या मुलाखतीत त्याने न दिलेली उत्तरे. आणि हे सारे ओसरल्यावर, हवामानाच्या किंचित आधी, डॅन्यूबच्या पाण्याची पातळी. तेवढ्यासाठी निवेदिकेचा स्वर बदलत असे. आतापर्यंत घाईत असलेली ती बाई एकाएकी देवळात शिरल्यासारखी सावकाश बोलू लागे. नदी ज्या दिशेने वाहते त्याच क्रमाने गावांची नावे येत, वरचे आधी, खालचे मागाहून, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. येलिसावेताने लिंडनच्या फुलांच्या चहाचा पेला ओठांपासून दूर धरला. त्या एका आकड्याच्या वेळी ती घोट घेत नसे. घशाचा आवाजदेखील मध्ये येऊ नये असे तिला वाटे. "बेली ब्र्याग," निवेदिका म्हणाली, आणि कागद उलटल्याचा बारीक आवाज आला. "बेली ब्र्याग, माहिती उपलब्ध नाही." आणि ती पुढच्या गावाकडे वळली, जशी नदी वळते.

पेला हातातच राहिला. पुढची गावे आली आणि गेली, खुद्द तिच्या रूसे शहराचा आकडाही आला, हवामान झाले, ज्यांचा आज नामदिन आहे त्यांना शुभेच्छा झाल्या, आणि एक उल्हसित गाणे लागले. चौथ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात काहीच बदलले नव्हते. खिडकीच्या फळीवर जिरेनियमच्या कुंड्या तशाच होत्या. समोरच्या इमारतीच्या सिमेंटवर मार्चमधले फिकट ऊन नेहमीच्याच ठिकाणी पडले होते. तरीही येलिसावेताला वाटले की रोज पहाटे कुणीतरी दारावर हलकेच एक टिचकी मारून जात होते आणि आज ती टिचकी पडली नाही. बारा वर्षे ती त्या टिचकीवर जगली होती. घरात दुसरे कुणी नव्हते. पती मेतोदी जाऊन सहा वर्षे झाली होती, मुलगा स्पेनमध्ये होता आणि रविवारी दूरध्वनी करून न चुकता हवापाणी विचारीत असे. परंतु बेली ब्र्यागच्या घाटावर तिचा थोरला भाऊ ट्रेंडाफिल रोज पहाटे पायऱ्या उतरत होता, पाण्यात उभ्या केलेल्या मापाच्या फळीवरचा आकडा वाचत होता, आणि तो कचेरीला कळवत होता. तो आकडा आकाशातून फिरून तिच्या ओट्यावर येत होता. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पण एकशे ब्याण्णव म्हणजे, मी आहे. दोनशे सात म्हणजे, मी आज खाली जाऊन आलो. आणि 'माहिती उपलब्ध नाही' म्हणजे?

हे काम त्यांच्या घरात वडिलांपासून होते. घाटाच्या वरच्या अंगाला मापाड्याचे दोन खोल्यांचे घर, त्याच्या भिंतीवर तारेने जोडलेला सरकारी रेडिओ. त्याला एकच खुंटी होती, आवाज लहानमोठा करण्याची. केंद्र बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे सगळे गाव एकाच वेळी एकच वाक्य ऐके. वडील पहाटे जाऊन येत, आकडा कळवीत, मग टेबलाशी बसून पावाचा तुकडा दुधात बुडवून त्या आकड्याची वाट पाहत. तो उच्चारला गेला की ते चमच्याने टेबलावर एकदाच ठोकत आणि म्हणत, "बरोबर." एकदा निवेदकाने एकशे एकोणसत्तरच्या जागी एकशे एकोणऐंशी वाचले, तेव्हा वडिलांनी टोपी घातली, ग्रामकचेरीत गेले आणि दुपारपर्यंत दूरध्वनीपाशी बसून राहिले; दहा सेंटिमीटर पाणी नसताना एखादा नावाडी त्या भरवशावर वाळूत रुतला तर, हा त्यांचा प्रश्न होता. वाचण्याची रीत त्यांनी दोन्ही मुलांना शिकवली होती. पाणी कधी स्थिर नसते. म्हणून एकदम वाचायचे नाही. नऊ लाटा मोजायच्या, सर्वांत उंच कुठे लागते ते पाहायचे, सर्वांत खाली कुठे ते पाहायचे, आणि मग मधला आकडा घ्यायचा. बोट गेली असेल तर तिची शेवटची लाट काठाला लागून विरेपर्यंत थांबायचे, मग थंडीने नाक गळून पडले तरी चालेल. ट्रेंडाफिल थांबत असे. येलिसावेता कधीच थांबत नसे. सहा वर्षांची ती, वरच्या पायरीवरून ओरडून आकडा सांगे, आणि बारा वर्षांचा ट्रेंडाफिल खालून वर न पाहताच म्हणे, "चूक. लाट जाऊ दे."

आठ वाजता तिसऱ्या मजल्यावरची त्सेना कॉफीसाठी वर आली, जशी ती रोज येई, आणि बशीतला बनित्साचा, चीज भरून भाजलेल्या पोळीचा, तुकडा न विचारता उचलून बसली. मार्चच्या पहिल्या तारखेला हिनेच येलिसावेताच्या मनगटावर तांबडा-पांढरा दोरा बांधला होता. हा दोरा आपला आपण बांधायचा नसतो, दुसऱ्या कुणी बांधावा लागतो, आणि पहिला करकोचा दिसेतो काढायचा नसतो. येलिसावेताचा चेहरा पाहून तिने आधी रक्तदाबाची चौकशी केली, मग स्पेनची. खरे कारण कळल्यावर ती आधी नुसती कॉफी ढवळत बसली, कारण त्या भावाविषयी या घरात बोलले जात नाही हे तिला ठाऊक होते. मग तिच्याने राहवले नाही.

"मी तुला आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली, "रेडिओशी संसार मांडलास तर एक दिवस तो असाच दगा देणार. अगं, फोन कर की. बोटं झिजतील का?"

येलिसावेता म्हणाली की कागद हरवला असेल, निवेदिका नवी असेल, तारा तुटल्या असतील. त्सेना म्हणाली की हो, तारा तुटल्याच आहेत, बारा वर्षांपूर्वी, आणि कुणी तोडल्या तेही आपल्याला एकदा कळले तर बरे होईल. एवढे बोलून तिने दुसरा तुकडा उचलला आणि तो खात खात ती खाली गेली. जाताना मात्र दारात वळून येलिसावेताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो थोडा अधिक वेळ तिथेच राहू दिला.

कुणी तोडल्या याचे येलिसावेतापाशी एक उत्तर तयार होते आणि बारा वर्षांत ते सांगून सांगून गुळगुळीत झाले होते. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसासाठी शोकपत्रे छापायची होती. गावात छापखाना नाही, म्हणून ते काम शहरातल्या लेकीकडे आले. आईचे छायाचित्र, खाली चार ओळी, त्याखाली शोकाकुल आप्तांची नावे. छापखानेवाल्याने सांगितले की जागा मोजकी आहे. नावे बसली तेवढी बसली. आणि त्या गडबडीत ट्रेंडाफिलचे नाव राहून गेले. मुलगी येलिसावेता, जावई मेतोदी, नातू. बस्स. तीस प्रती घेऊन ती बसने गावी गेली. दाराशी उकडलेल्या गव्हाचे ताट, वर साखरेचा क्रूस, आणि ट्रेंडाफिलच्या हातात खळीची बादली. त्याने वरचा कागद वाचला. नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईला ज्याने भरवले, कुशीवर वळवले, जिची नखे कापली, त्या मुलाने तो कागद शांतपणे वाचला, आणि मग सबंध गावात स्वतः फिरून तीसही प्रती चिकटवल्या. विजेच्या खांबांवर, चर्चच्या दारावर, बसथांब्यावर, विहिरीच्या भिंतीवर. लोक वाचत होते आणि त्याच्याकडे पाहत होते, आणि तो ब्रशने कडा दाबत होता, वाऱ्याने सुटू नयेत म्हणून. परत येऊन त्याने बादली ओट्याखाली ठेवली, हात धुतले, आणि म्हणाला, "झालं." बारा वर्षांतला तो त्याचा अखेरचा शब्द.

त्यानंतर उरला तो आकडा. पहिल्या वर्षी ती तो रागाने ऐके. बघा, ठणठणीत आहे, खाली उतरतो आहे, आणि एक दूरध्वनी करता येत नाही. पुढे राग विरला आणि नुसते ऐकणे उरले. मेतोदीच्या अंत्यविधीनंतर दुसऱ्या दिवशी, भरलेल्या डोळ्यांनी, तिने तो ऐकला होता. आदल्या दिवशी थडग्यावरच्या फुलांत रानातल्या सुवासिक पानांची एक जुडी नावाशिवाय ठेवलेली होती, आठ देठांची, मृतांना सम संख्येत देतात तशी, आणि ती बेली ब्र्यागच्या उतारावर उगवते तीच वनस्पती होती. ती कुणी ठेवली हे तिने कुणाला विचारले नव्हते; उत्तर 'तो नव्हे' असे आले असते तर? हळूहळू तिला आकड्यांमागचा माणूस दिसू लागला. गेल्या वर्षीच्या जानेवारीत सलग तीन दिवस एकच आकडा आला, तेव्हा ती मनाशी म्हणाली, ताप आला आहे याला. खाली न उतरताच कालचाच आकडा सांगतो आहे. वडील असते तर काय म्हणाले असते. चौथ्या दिवशी आकडा हलला आणि तिला हायसे वाटले. तिने त्या दिवशी मेणबत्ती लावली. एवढे आपण त्याला ओळखतो, या विचारात एक गुप्त अभिमानही होता. जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक होते की ट्रेंडाफिलला तीन दिवस ताप होता?

साडेआठला तिने त्याचा क्रमांक फिरवला. बोटांना तो पाठ होता, जशी पायांना जुन्या घराची पायरी पाठ असते. पलीकडे घंटा वाजू लागली. ती घंटा त्या घरात कुठे वाजते आहे हे तिला दिसत होते: खिडकीलगतच्या कोनाड्यात, आईने विणलेल्या रुमालावर. रिकाम्या घरातली घंटा आणि भरल्या घरातली घंटा यांच्या आवाजात फरक असतो का, हे ती ऐकण्याचा प्रयत्न करीत राहिली. पंधरा वेळा वाजून ती तुटली. मग तिने रेडिओला दूरध्वनी केला. तिथून नदीमापनाच्या कचेरीचा क्रमांक मिळाला. तिथे पुष्कळ वेळ वाट पाहिल्यावर एका तरुण मुलीचा प्रसन्न आवाज आला. येलिसावेताने नम्रपणे विचारले की बेली ब्र्यागचा आकडा आज का आला नाही. मुलगी म्हणाली की तिथल्या यंत्राची बॅटरी उतरली आहे, सोमवारपर्यंत माणूस जाईल.

"यंत्राची नाही हो," येलिसावेता म्हणाली. "मी तिथल्या माणसाबद्दल विचारते आहे. आकडा सांगतो तो."

"आजी, तिथे माणूस नाही आता. यंत्रच आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात बसवलं."

"आणि माणूस? त्याचं काय झालं?"

"कुठल्या माणसाचं?" कळफलकावर बोटे फिरल्याचा आवाज आला. मुलगी खरोखरच शोधत होती. "माझ्याकडच्या यादीत तिथे कुणाचं नाव नाही, आजी."

येलिसावेताने आभार मानले. सोळा महिने. ती खुर्चीवर बसली आणि तिला प्रथम जाणवली ती लाज, एखाद्या परक्या घराच्या दाराशी उभे राहून आपण आपल्याच माणसाशी बोलतो आहोत असे समजून बोलत राहावे आणि मग दार उघडावे, तशी. त्या जानेवारीत ताप कुणालाच आला नव्हता. बर्फात एक पेटी गोठली होती. मेणबत्ती तिने त्या पेटीसाठी लावली होती. सोळा महिने रोज पहाटे ती एका लोखंडी नळीच्या पुढे श्वास रोखून बसत होती, आणि त्या काळात ज्याच्यासाठी म्हणून बसत होती तो हयात होता की नव्हता, हे सांगणारे या जगात काही नव्हते. लाजेच्या मागोमाग भीती आली. गावात आता चाळीस माणसे असतील, बहुतेक ऐंशीच्या पुढची. तो गेला असता तर कुणीतरी कळवले असते. पण कुणी, आणि कुठे? तिचा क्रमांक तिथे कुणापाशी असणार? शोकपत्र कुणी छापले असते? आणि एकाएकी तिच्या ध्यानात आले की ट्रेंडाफिलच्या कागदावर खाली लिहायला या पृथ्वीवर एकच नाव उरले आहे, आणि ते नाव या स्वयंपाकघरात बसून वार्ता ऐकत होते.

साडेदहाच्या बसमध्ये सहा प्रवासी होते. चालकाने आपला रेडिओ लावलेला होता आणि त्यावर तोच सकाळचा मंत्री पुन्हा बोलत होता, तीच उत्तरे पुन्हा देत नव्हता. येलिसावेता खिडकीपाशी बसली. काळी, ओली शेते मागे जात होती. मध्येच झाडांच्या फटीतून नदी दिसे आणि लपे, आणि ती दिसली की येलिसावेता तिच्याकडे जाब विचारल्यासारखी पाही. बसची लय अशी की माणसाला सरळ बसता येत नाही, तसे खोटेही फार वेळ धरून ठेवता येत नाही. छापखानेवाल्याने जागा मोजकी असल्याचे सांगितलेच नव्हते. तो एक सभ्य, पोक्त गृहस्थ होता; चष्मा कपाळावर चढवून त्याने विचारले होते, "अजून कुणी?" आणि तिने क्षणभर थांबून उत्तर दिले होते, "नाही. एवढेच." तो क्षण तिला आता लख्ख दिसला, शाईच्या वासासकट. अंत्यविधीच्या दिवशी, शवपेटीपाशी, चुलत आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली होती की म्हातारीने शेवटी ट्रेंडाफिलच्या हातात प्राण सोडला, त्याचेच नाव घेत होती, दुसरे कुणाचे नाही. दुसरे कुणाचे नाही. हे ऐकताना येलिसावेताच्या अंगावर शहरातला चांगला काळा कोट होता, आणि त्या कोटाच्या आत ती सहा वर्षांची होती आणि वरच्या पायरीवरून ओरडत होती आणि खालून कुणी वर पाहत नव्हते. आईच्या जगण्यात त्याचे नाव होते; निदान तिच्या मरणाच्या कागदावर तरी आपले असावे, एकटीचे. एवढाच तो विचार. त्याला विचार म्हणावे की नाही कोण जाणे. तो येऊन गेलाही, आणि तीस प्रतींवर छापला गेला. हे तिने मेतोदीलाही सांगितले नव्हते. आज बसच्या काचेवर कपाळ टेकून तिने ते स्वतःला सांगितले, आणि आश्चर्य असे की बस थांबली नाही, चालकाने वळून पाहिले नाही.

बेली ब्र्यागच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. थांब्याची भिंत शोकपत्रांनी भरली होती, एकावर एक, नवी जुन्यांवर, जुनी पावसाने धुऊन निळसर झालेली. तिने पिशवी खाली ठेवली आणि एकेक चेहरा पाहू लागली. घाई न करता. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. शाळेतल्या बाई होत्या. पाव भाजणारा होता. तिच्यासोबत नाचलेला एक मुलगा होता, आता टक्कल पडलेला, आणि जाऊन तीन वर्षे झालेला. ट्रेंडाफिल नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नव्हता. पण सोळा महिन्यांत पावसाने किती कागद गळून पडतात, हेही तिला ठाऊक होते.

मापाड्याच्या घराच्या फाटकावर एक कागद होता. तो तिला दुरूनच दिसला. तिथवरचे अंतर तिने कसे काटले हे तिला पुढे कधी आठवले नाही. छायाचित्र आईचे होते. जानेवारीतच लावलेला, कोरा करकरीत, वर पारदर्शक प्लास्टिक, चारी कोपऱ्यांना पितळी टाचण्या. 'आई, तुला जाऊन बारा वर्षे झाली.' त्याखाली दोन ओळी आणि त्याखाली नावे. मुलगी येलिसावेता. मुलगा ट्रेंडाफिल. तिने ती नावे वाचली, जशी एखादी व्यक्ती परक्या लिपीतली पाटी एकेक अक्षर जुळवून वाचते. तिचे नाव आधी होते. खालच्या लाकडात टाचण्यांची जुनी छिद्रे होती, चार इथे, चार तिथे, पुष्कळ. दरवर्षीचा कागद दरवर्षी थोडा इकडेतिकडे सरकत गेला होता. तिने बोटांनी ती छिद्रे चाचपली. मोजली नाहीत. फाटक उघडे होते, घराचे दार ओढून घेतलेले होते, आणि आत कुठेतरी रेडिओ चालू होता, कुणासाठीही नव्हे, दुपारच्या बातम्या सांगत.

घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्यापासून चार पायऱ्या वर, तो पाठमोरा उभा होता. वडिलांसारखी वाकलेली पाठ. शेजारी कठड्याला ती करड्या रंगाची पेटी होती, नळीसह, मुकाट. ट्रेंडाफिलच्या हातात लांब काठी होती, खाचा पाडलेली. ती त्याने पाण्यात उतरवली होती आणि अंगठ्याने ओल कुठवर आली ते चाचपत होता. येलिसावेताने वरच्या पायरीवर पाय ठेवला. थोरल्या भावाला हाक मारायचा तो शब्द तिच्या तोंडात बारा वर्षे उमटला नव्हता, आणि आता तो एखाद्या गंजलेल्या कडीसारखा निघाला.

"बाते."

काठी थांबली. त्याने वळून पाहिले नाही. नदी काठाला लागत होती आणि परत जात होती.

"तिसरी पायरी सुटली आहे," तो म्हणाला. "कडेनं ये."

ती कडेने उतरली. जवळ गेल्यावर तिला दिसले की त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा आहे, आणि काठी धरलेले मनगट रिकामे आहे. दोरा बांधायला मार्चमध्ये इथे कुणी आले नव्हते. ती काही बोलू पाहत होती. बसमध्ये जुळवलेले वाक्य छापखान्यापासून सुरू होत होते. त्याने तिला बोलू दिले नाही, म्हणजे तोच आधी बोलला, पाण्याकडे तोंड करून.

"मी चालू होतो तोवर आली नाहीस. यंत्र बंद पडलं तर आलीस."

"मला वाटायचं तो आकडा तू सांगतोस."

यावर ट्रेंडाफिल हसला. आवाज न करता, फक्त खांद्यांनी, तो वडिलांचाही हसण्याचा प्रकार होता. "तो? तो तीन सेंटिमीटर जास्त सांगतो. रोज. मी रेडिओला रोज सांगतो, अरे गाढवा, तीन कमी कर. ऐकतो का?" मग, अधिक हळू, "आज काहीच बोलला नाही, तर घरात बसवेना. सकाळपासून इथंच आहे."

सोळा महिने कुणी मागत नसलेला आकडा हा माणूस रोज पहाटे घेत होता आणि मग टेबलाशी बसून, त्याच वेळी, तोच आवाज ऐकत होता. दोन स्वयंपाकघरे, दोन पेले. येलिसावेताने ओल्या दगडावर टेकण्यासाठी हात पुढे केला. "छापखान्यात," ती म्हणाली, "त्यानं विचारलं होतं, अजून कुणी म्हणून. मी नाही म्हणाले." नदीच्या आवाजात ते वाक्य फार लहान वाटले. ट्रेंडाफिलने त्यांच्याकडच्या रीतीने होकाराची मान आडवी हलवली, एकदा, जणू कुणीतरी उशिरा का होईना बरोबर आकडा वाचला होता. त्याने क्षमा केली असे नाही. त्याने काठी वर घेतली, तिचे टोक पुसले, आणि ती कठड्याला टेकवून ठेवली.

"काठीनं दोन बोटांचा फरक पडतो," तो म्हणाला. "फळीवरचं मला दिसत नाही. तुझे डोळे कसे आहेत?"

"चष्म्यानं दिसतं."

"मग वाच."

तिने चष्मा लावला. कोटाच्या खिशात चष्म्यासोबत त्सेनाने दिलेल्या दोऱ्यांतला एक जास्तीचा दोरा हाताला लागला, तो तिने बोटांत तसाच धरून ठेवला. खाली, हिरवट पाण्यात, मापाची फळी उभी होती, काळ्या-पांढऱ्या रेघांची, वडिलांनी रंगवलेली नसली तरी त्याच जागी. ती पुढे वाकली. "दोनशे चौदा," ती म्हणाली.

पलीकडे, रुमानियाच्या काठाने, एक मालवाहू बोट वर चालली होती. तिच्यामागचे पाणी पंख्यासारखे पसरत इकडे येत होते, अजून पोचले नव्हते किंवा नुकतेच पोचले होते.

"चूक," ट्रेंडाफिल म्हणाला. "लाट जाऊ दे, वेता."

तिने तोंड उघडले होते ते मिटले. पहिली लाट पायरीला लागली, फळीवर चढली, उतरली. मग दुसरी. वारा थंड होता आणि दोघांचीही नाके गळत होती. येलिसावेता मोजू लागली, मनातल्या मनात, आणि या वेळी ती थांबली.